माणच्या माळावरचा लांब पल्ला

सराटा माणदेशात कुणाला नवा नाही. पाऊस पडून गेला की माळावर, पडीक रानात, गाडीवाटेच्या कडेला जमिनीला चिकटून त्याचा पसारा वाढतो, बारीक पिवळी फुलं येतात आणि मग काटे. फळ वाळलं की त्याच्या पाच फोडी होतात आणि प्रत्येक फोडीला दोन दणकट काटे असतात. फोड कशीही पडली तरी एखादा काटा वर तोंड करून राहतोच. तो अनवाणी पायाला कसा लागतो हे मेंढरांमागे फिरलेल्या माणसाला विचारावं. हीच वनस्पती जुन्या जगातून अमेरिकेत पोचली आणि कोलोरॅडो, न्यू मेक्सिकोसारख्या कोरड्या राज्यांत तिने सायकलवाल्यांना जेरीस आणलं. तेव्हा शिखर शिंगणापूरच्या पायथ्याला माउंटन बाईक घेऊन उतरलेल्या नवख्याची पहिली अडचण आणि रॉकी पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्या सायकलपटूची रोजची अडचण एकच आहे.

या अडचणीवर जगभर जो तोडगा निघाला तो समजून घेण्याजोगा आहे. टायरमधली ट्यूबच काढून टाकायची. टायर रिमला हवाबंद बसवायचा आणि आत शंभरएक मिलिलिटर सीलंट ओतायचं. सीलंट म्हणजे रबराचा चीक आणि त्यात बारीक कण. काटा घुसला, हवा बाहेर निघू लागली की तिच्यासोबत हा चीकही भोकाकडे धावतो, कण भोकात अडकतात, चीक घट्ट होतो आणि चाक फिरत असतानाच पंक्चर बुजतं. सराट्याचे दहा-पंधरा काटे एका टायरने असे सहज पचवावेत. बाभळीचा काटा मात्र जाड असतो. त्याच्या भोकात रबराची वात खुपसावी लागते. शिवाय उन्हाळी हवेत हा चीक आतल्या आत वाळून जातो. थंड देशातल्या पुस्तकात ‘सहा महिन्यांनी बदला’ असं लिहिलेलं असलं तरी माणच्या उन्हात दोन महिन्यांनी टायर उघडून पाहिलेला बरा.

ट्यूबलेसचा दुसरा फायदा नवख्याच्या पटकन लक्षात येत नाही. आपल्याकडे सायकलच्या दुकानातला शिरस्ता असा की हवा कडक भरली म्हणजे सायकल पळते. डांबरी रस्त्यावर ते बरंचसं खरं. माळावर उलटं घडतं. कडक टायर प्रत्येक दगडावर उडतो, सायकल आणि तिच्यावरचा माणूस दर वेळी काही मिलिमीटर वर उचलला जातो, आणि पुढे जाण्यासाठी लावलेलं बळ अशा उचलण्यात आणि हादरण्यात संपतं. मऊ टायर दगडाला आपल्यात दाबून घेतो आणि पुढे सरकतो. सत्तर किलोच्या माणसाला सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरमध्ये २० ते २५ पीएसआय हवा पुरते. हाताने दाबून पाहणाऱ्याला ती ‘कमीच’ वाटते. शंभर किलोमीटरनंतर मनगटं आणि मान काय म्हणतात, त्यावरून तिचा न्याय करावा.

आता जमिनीकडे पाहू. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. सह्याद्रीने ढग अडवले की त्याच्या मागच्या पडछायेत जे उरतं ते माणदेशाच्या वाट्याला. शंभू महादेवाची डोंगररांग इथून पूर्वेकडे सरकत जाते. तिच्याच सीताबाईच्या डोंगरात, कुळकजाईजवळ माणगंगा उगम पावते आणि दहिवडी, म्हसवड, पुढे सांगली जिल्ह्यातली आटपाडी, मग सांगोला असं करत भीमेला मिळते. नदीच्या कडेला काळी जमीन, वर मुरूम आणि माथ्यावर उघडा काळा पाषाण. सायकलवाल्याच्या दृष्टीने हे तीन वेगळे देश आहेत. परतीचा पाऊस झाल्यावर मुरमाची वाट दुपारपर्यंत चालण्याजोगी होते. काळ्या रानातली वाट तेव्हा टायरला असा चिखल चिकटवते की चाक फ्रेममध्येच अडून बसतं, आणि जोर केला तर गिअर बदलणारा मागचा डिरेलर तुटतो. अशा ठिकाणी सायकल खांद्यावर घेणारा पुढे जातो.

माउंटन बाईक हा प्रकार फार जुना नाही. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात काही हौशी पोरांनी जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या रस्त्याने खाली सोडायला सुरुवात केली. १९७६मध्ये तिथे ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू झाली. दर फेरीनंतर मागच्या ब्रेकमधलं वंगण जळून त्याचा धूर व्हायचा आणि ते पुन्हा भरावं लागायचं, त्यावरून हे नाव. वीस वर्षांत, १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हा खेळ दाखल झाला. ऑलिंपिकची शर्यत सुमारे दीड तासाची असते. लांब पल्ल्याची जात निराळी. मॅरेथॉन प्रकारात ६० ते १६० किलोमीटरचा मार्ग असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या केप एपिकमध्ये जोडीजोडीने आठ दिवस सायकल चालवावी लागते. भूतानची ‘टूर ऑफ द ड्रॅगन’ बुमथांगहून अंधारात निघते आणि चार खिंडी ओलांडून त्याच दिवशी थिंपूला पोचते. अंतर २६८ किलोमीटर.

अशा शर्यतीत नवखा कुठे हरतो? माझ्या मते बहुतेक वेळा पहिल्याच चढावर, आणि ते त्याला चार तासांनी कळतं.

हिशेब मांडून पाहू. सत्तर किलोचा माणूस, त्यात सायकल, पाणी, अवजारं मिळून पंधरा किलो. हे ८५ किलो ओझं तीनशे मीटर उंच चढवायचं तर सुमारे अडीचशे किलोज्यूल काम करावं लागतं. पायडलवर १५० वॅट ताकद लावणारा हा चढ २८ मिनिटांत संपवेल. (वाटेचं घर्षण धरलं तर थोडा अधिक वेळ.) २०० वॅट लावणारा २१ मिनिटांत वर पोचेल. सात मिनिटांचा फायदा! शर्यतीचा पहिला तास, भोवती गर्दी, पाय ताजे, त्यामुळे नवखा हमखास २०० लावतो. पण त्याच्या शरीराची प्राणवायूवर चालण्याची मर्यादा १७० वॅटला संपत असेल तर वरचे ३० वॅट स्नायू प्राणवायूविना पुरवतात, आणि तो व्यवहार फार तोट्याचा आहे. प्राणवायू असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूतून एटीपीचे, म्हणजे स्नायूंना लागणाऱ्या इंधनाचे, तीसच्या आसपास रेणू मिळतात. नसेल तर फक्त दोन. साठा झपाट्याने रिकामा होतो. ही मर्यादा ओळखायला पॉवर मीटर किंवा छातीचा पट्टा हवाच असं नाही. चढावर शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता येत असेल तर आपण मर्यादेच्या आत आहोत. शब्द तुटू लागले की गिअर हलका करावा. हल्लीच्या माउंटन बाईकला पुढे ३२ दात्यांची एकच चकती आणि मागे ५१ दात्यांपर्यंतचा संच मिळतो, तो असा हळू चढ चढता यावा म्हणूनच. सर्वांत हलक्या गिअरला नवखे ‘आजीचा गिअर’ म्हणून हसतात आणि तिसऱ्या डोंगरावर तोच शोधत बसतात.

चैत्र शुद्ध द्वादशीला शिखर शिंगणापूरच्या मुंगी घाटात सासवडकडची कावड चढते. ते दृश्य चढाचं शास्त्र शिकवणारं आहे. पाण्याची जड कावड काही दिवस चालत, चैत्राच्या उन्हातून डोंगराच्या पायथ्याशी येते आणि मग सगळ्यांत खडा चढ शेवटी. तिथे कुणी धावत सुटत नाही. खांदे बदलतात, माणसांची साखळी होते, एकेक पायरी घट्ट करून पुढची घेतली जाते. वेग ठरतो तो कावड हातची सुटणार नाही या बेताने. लांब शर्यतीतल्या चढालाही हाच बेत लागतो.

आता शिदोरी. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात पाचशे-सहाशे ग्रॅम ग्लायकोजन असतं, म्हणजे दोन हजारांच्या आसपास कॅलरी. वर सांगितलेला १५० वॅटवाला माणूस तासाला सहाशेच्या घरात कॅलरी जाळतो. कारण शरीराचं इंजिन जेमतेम २०-२५ टक्के कार्यक्षम आहे. काही भाग चरबीतून भागतो. चरबीचा साठा अगदी सडपातळ माणसाकडेही प्रचंड असतो, पण ती सावकाश जळते. न खाता चालवत राहिलं तर तीन-चार तासांत ग्लायकोजन तळाला जातं आणि सायकलवाले ज्याला ‘बाँक’ म्हणतात ते घडतं. पाय दुखत नाहीत, नुसते बंद पडतात. डोकं सुन्न होतं, चिडचिड होते, सोपा फाटा चुकतो. मेंदू ग्लुकोजवर चालतो, त्याचंही इंधन आटलेलं असतं.

उपाय साधा आहे, पण तो भूक लागण्याआधी करावा लागतो. आतडं तासाला ६० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज शोषू शकतं. सोबत फ्रुक्टोज असेल तर त्याला निराळं दार असल्यामुळे सवयीने ही मर्यादा नव्वदपर्यंत जाते. महागड्या जेलच्या पाकिटात हेच मिश्रण असतं. गुळातही साखरेच्या रूपाने ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात, त्यामुळे सत्तर ग्रॅम गूळ एका तासाला पुरतो. शेंगदाणा-गूळ पहिल्या दोन तासांत, सपाटीवर चांगला. शेंगदाण्यातलं तेल पोटात वेळ घेतं, म्हणून खड्या चढाआधी तो टाळून केळं खावं. वरच्या तीनशे मीटरच्या चढाचा खर्च साधारण पावणेतीनशे कॅलरी, म्हणजे ज्वारीच्या एका मोठ्या, जाड भाकरीएवढा. शंभर किलोमीटरच्या मार्गात दोन हजार मीटर चढ असेल तर असे सहा-सात डोंगर होतात, आणि मधल्या सपाटीचा हिशेब वेगळाच. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ तोंडात घालू नये, हा नियम मात्र जेलला आणि गुळाला सारखाच लागू.

पाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. १५० वॅट पायडलवर पोचवताना शरीरात पाचशेहून अधिक वॅट उष्णता तयार होते. ती बाहेर टाकायचं मुख्य साधन घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे तासाला पाऊण लिटरच्या वर घाम वाळायला हवा. कोकणात दमट हवेत घाम निथळतो आणि वाया जातो. माणची कोरडी हवा तो लगेच वाळवते, हा फायदाच. पण त्यातच फसगतही आहे. अंग ओलं दिसत नाही म्हणून नवख्याला वाटतं आपल्याला घामच येत नाही, आणि दुपारी शर्टावर मिठाची पांढरी नक्षी उमटते. सर्वांत वाईट जागा म्हणजे पश्चिमेचा वारा पाठीवर घेऊन चढायचा पूर्वेकडचा चढ. वाऱ्याचा वेग आणि सायकलचा वेग जुळतो, अंगाला झुळूक लागत नाही आणि माणूस भाजून निघतो. सातारा-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या ज्या वाऱ्याच्या भरवशावर उभ्या राहिल्या तोच हा वारा. परतीच्या वाटेवर तो छातीवर येतो तेव्हा त्याचा हिशेब कठोर असतो. सायकलचा वेग तोच ठेवून समोरून येणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला तर तिला कापायला चौपट ताकद लागते.

नुसतं साधं पाणी पीत राहणं हीदेखील चूक ठरते. घामातून सोडियम जातं. त्यात भरमसाट साधं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ ही लक्षणं तहानेचीच समजून माणूस आणखी पाणी पितो, आणि प्रसंग जिवावर बेततो. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळलं तर चव. जुलाब झालेल्या पोराला देतो तेच. उन्हाची सवयही मुद्दाम करावी लागते. दहा ते चौदा दिवस रोज तासभर उन्हात श्रम केले की रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित कचेरीतून थेट माणच्या माळावर येणाऱ्याने हे दोन आठवडे विसरू नयेत.

उतारावर नवखा विश्रांती घेतो असं त्याला वाटतं. खरं तर बहुतेक अपघात तिथेच होतात. मुरमाच्या उतारावर सुटी खडी टायरखाली मण्यांसारखी फिरते. पुढचा ब्रेक जास्त परिणामकारक, पण वळणावर तो करकचून दाबला की पुढचं चाक सरकतं आणि माणूस खांद्यावर पडतो. ब्रेक वळणाआधी, सरळ वाटेवर लावायचे, ढुंगण सीटच्या मागे न्यायचं, कोपर सैल ठेवायचं आणि नजर दगडावर न ठेवता दगडाशेजारच्या वाटेवर ठेवायची. नजर जिथे, चाक तिथे. हे वाचून येत नाही. महिमानगडाच्या किंवा वारुगडाच्या परिसरातल्या एखाद्या छोट्या उतारावर दहादा वर-खाली केलं की येतं.

आपल्या माणसांनी हे लांबचे पल्ले गाठलेले आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’त दोघांच्या संघातून उतरले आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून मेरीलँडपर्यंतचं सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर त्यांनी ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत कापलं. ती शर्यत डांबरी रस्त्याची, पण भूतानची डोंगरी टूर ऑफ द ड्रॅगनही या भावांच्या खात्यावर आहे. २०१७मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच अमेरिकी शर्यत एकट्याने पूर्ण केली, दोघांनीही बारा दिवसांच्या आत. यांतले बरेचजण डॉक्टर आहेत हा योगायोग मला तरी वाटत नाही. शरीराचं जमाखर्चाचं खातं वाचता येणाऱ्याला या खेळात फायदाच आहे.

आणि खुद्द माणची ललिता बाबर. मोही गावची ही धावपटू आधी मॅरेथॉन पळायची, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती सलग तीन वर्षं पहिली आली. मग ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळली. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून तिने अंतिम फेरी गाठली आणि तिथे दहावी आली. सायकलीशी याचा थेट संबंध नाही. पण प्राणवायूवर चालणारं इंजिन दोन्हीकडे तेच असतं, आणि ते या मातीत घडू शकतं याला आणखी पुरावा नको. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने खेळाडू मुलामुलींसाठी प्रशिक्षण सुरू केलं तेही याच भूमीत.

नवख्याने लगेच शंभर मैलांची शर्यत धरू नये. ब्रेव्हे हा प्रकार मधला टप्पा म्हणून उत्तम. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, कुणाशी स्पर्धा नाही, फक्त घड्याळाशी. पुण्यात २००३पासून भरणारी ‘एंड्युरो३’ तिघांच्या संघाची असते. सायकल, डोंगरचढाई, पाणी असं सगळं त्यात येतं आणि सोबत दोघे असल्याने नवख्याचा उतावीळपणा आवरला जातो. कटऑफची वेळ हा लांब शर्यतीतला खरा प्रतिस्पर्धी. ठरावीक ठाण्यावर ठरावीक वेळेत पोचलं नाही तर पंच बाजूला काढतात. म्हणून ठाण्यांवर खुर्ची दिसली तरी बसू नये. बाटल्या भराव्यात, चेनला तेल द्यावं, निघावं. ठाण्यावर दहा-दहा मिनिटं सांडली की पाच ठाण्यांत पाऊण तासाच्या वर जातो, आणि तेवढा वेळ पायांनी वाचवायचा तर पुन्हा तेच २०० वॅट.

कोलोरॅडोतल्या लेडव्हिल गावाची हकीकत माणदेशाने ऐकावी अशी आहे. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून उंच असलेलं हे खाणकामगारांचं गाव. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली मॉलिब्डेनमची मोठी खाण बंद पडली आणि गाव ओस पडू लागलं. केन क्लूबर नावाच्या एका खाणकामगाराने १९८३मध्ये शंभर मैलांची पळण्याची शर्यत सुरू केली. लोकांना रात्र मुक्कामाला थांबावं लागावं, हा त्यातला सरळ हेतू. १९९४मध्ये त्याच परिसरात माउंटन बाईकची शर्यत आली. मर्यादा बारा तासांची. त्यात बसणाऱ्याला पट्ट्याचं बक्कल मिळतं, आणि त्या बक्कलासाठी लोक जगभरातून येतात. माण, खटाव, आटपाडीची माणसं ऊसतोडीला आणि सोन्याच्या गलाईच्या कामाला देशभर पांगली आहेत. इथे चढ, मुरूम, ऊन, वारा आणि सराटा, म्हणजे लांब शर्यतीला लागणारं सगळं फुकट पडून आहे. दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंत हवाही माफक असते.

मात्र हा माळ रिकामा नाही. २०१८चा वॉटर कप, म्हणजे गावोगावची जलसंधारणाची स्पर्धा, माण तालुक्यातल्या टाकेवाडीने जिंकली. अशा गावांच्या डोंगरउतारांवर लोकांनी श्रमदानाने खणलेले सलग समतल चर आहेत. ते ओलांडून सायकल नेली की चराची कड ढासळते आणि पावसाचं पाणी तिथूनच फुटून जातं. म्हणून वाट पाझर तलावाच्या बांधावरून किंवा जुन्या गाडीरस्त्याने आखावी, चर तोडून नव्हे. उभ्या शाळूतून जाणारी पाऊलवाट शर्यतीची नसते. आणि मेंढरांचा कळप आडवा आला तर घंटी वाजवू नये, मेंढरं उधळतात. धनगराच्या कुत्र्याला वेगाने येणारी सायकल म्हणजे लांडगाच. सायकलवरून उतरावं, ती आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी, धनगराला हाक मारावी आणि चालत पुढे जावं. दोन-तीन मिनिटं जातात, ती हिशेबात आधीच धरून ठेवावीत.